एका वरण-भाताच्या घरातला इलेक्ट्रिक राइस कुकर

मी पुण्यात घरगुती विजेची उपकरणं दुरुस्त करतो. मिक्सर, इस्त्री, गिझर ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत इलेक्ट्रिक राइस कुकरही बरेच येऊ लागलेत आणि त्यांतल्या पुष्कळ कुकरमध्ये बिघाड नसतोच. "भात नीट होत नाही" एवढीच तक्रार असते, कुकर उघडला तर आत सगळं जागेवर. अशा वेळी कुकर परत देऊन मोकळं होता येतं, पण तक्रार तशीच राहते आणि चार दिवसांनी तो कुकर माळ्यावर जातो. पुढचं प्रकरण अशाच एका कुकरचं आहे. त्या घरी जाऊन भात होताना पाहिला, म्हणून ते उलगडलं.

घर दोघांचं. काका पंचाहत्तरी ओलांडलेले, काकू त्यांच्याहून थोड्या लहान. काकूंच्या बोटांना संधिवात आहे. प्रेशर कुकरचं झाकण दाबून फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. त्यात एकदा आतलं पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह गेला आणि वाफेचा आवाज ऐकून दोघंही घाबरली. बंगळुरूला असलेल्या मुलानं लगोलग इलेक्ट्रिक राइस कुकर पाठवून दिला. १.८ लिटरचा, ७०० वॉटचा, एक खटका आणि दोन दिवे असलेला साधा कुकर. मुलाचा विचार योग्यच होता: गॅस नको, शिट्ट्या मोजायला नकोत, भात झाला की आपोआप बंद.

दोनेक महिन्यांनी काकूंचा फोन आला. "तुम्ही एकदा बघून जा. याचा काही नेम नाही. एक दिवस कच्चा, एक दिवस गिचका, एक दिवस खाली लागलेला. मी लिहून ठेवलंय सगळं."

खरोखरच लिहून ठेवलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांच्या चौकटींत बारीक अक्षरात "क", "गि", "ला", आणि मधेमधे "छान". दुरुस्तीच्या कामात इतकी चांगली नोंद क्वचित मिळते. कुकर खरंच बिघडला असता तर रोज एकाच तऱ्हेनं बिघडला असता. तापवणारी तबकडी जळाली तर भात रोज कच्चा, ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकला तर रोज करपलेला. इथे मात्र तिन्ही तऱ्हा आलटूनपालटून होत्या. म्हणजे कुकर तोच राहून त्यात जाणारं काहीतरी रोज बदलत होतं. आणखी एक गोष्ट दिसली: बहुतेक "गि" गुरुवारच्या चौकटींत होते.

काकूंना म्हटलं, "मी काहीच सांगत नाही. तुम्ही रोजच्यासारखा भात लावा."

पुढे जाण्याआधी हे यंत्र कसं चालतं ते सांगायला हवं, कारण सगळा उलगडा त्यातच आहे. तबकडीच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेलं एक गोल टोपण असतं, ते भांड्याच्या बुडाला टेकतं. त्याच्या आत एक कायमचा चुंबक आणि फेराइट नावाच्या मिश्रणाचा तुकडा असतो. आपण खटका दाबतो तेव्हा चुंबक त्या तुकड्याला चिकटतो आणि वीज सुरू होते. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की बूड झपाट्यानं तापतं. १०३ अंशांच्या आसपास फेराइटचं चुंबकत्व जातं, चुंबक सुटतो, स्प्रिंग खटका वर फेकते. तो "खट्" आवाज म्हणजे एवढंच.

तेव्हा भात शिजला की नाही हे या कुकरला कळत नाही. बुडाशी पाणी उरलं आहे की नाही, एवढंच कळतं. पाणी जास्त घातलं तर तो जास्त वेळ शिजवणार, कमी घातलं तर लवकर थांबणार. किती वेळ शिजायचं हे पाण्याच्या मापानं आधीच ठरलेलं असतं. प्रेशर कुकरला तसं नाही, तिथे वेळ आपल्या कानावर असतो: तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद. चाळीस-पन्नास वर्षं शिट्ट्यांवर स्वयंपाक केलेल्या बाईच्या हाताला हा फरक कोणी सांगितलेला नसतो. कुकरसोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

पाणी संपल्यावर तापमान चढतं, या खुणेवर चालणारा कुकर पहिल्यांदा बाजारात आणला तो जपानच्या तोशिबा कंपनीनं, १९५५ साली. त्यात दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं, ते आटायला साधारण वीस मिनिटं लागत, आटलं की तापमान वर जाऊन खटका बंद. योशितादा मिनामी यांनी तो तयार केला आणि त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घरात पुन्हा पुन्हा भात शिजवून त्याच्या चाचण्या घेतल्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रोज भात शिजवणाऱ्या बाईच्या नोंदींवर हे यंत्र उभं राहिलं आहे, आणि काकूंच्या कॅलेंडरवरच्या नोंदीही त्याच जातीच्या होत्या.

काकूंनी डब्यातून आपल्या नेहमीच्या स्टीलच्या वाटीनं दोन वाट्या इंद्रायणी काढला, कुकरच्या भांड्यातच धुतला आणि काकांना हाक मारली. "अहो, पाणी बघा ना, मला त्या रेघा दिसत नाहीत." काका आले, चष्मा सावरून भांड्यातल्या २ आकड्याच्या रेघेपर्यंत पाणी घातलं आणि गेले.

कच्च्या भाताचं कारण इथेच होतं. भांड्यातल्या रेघा कुकरसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या मापासाठी आखलेल्या असतात. ते माप १८० मिलिलिटरचं, जपानमधलं तांदूळ मोजायचं पारंपरिक माप. काकूंची वाटी पाण्यानं भरून त्या मापात ओतून पाहिली, तर माप भरून वाटीत चांगलं चार-पाच चमचे पाणी उरलं. तांदूळ मोठ्या मापानं आणि पाणी लहान मापाच्या रेघेनं. साहजिकच पाणी कमी, भात कणीदार.

"आणि काका घरी नसले की?" मी विचारलं.

"मग मी माझ्या पद्धतीनं घालते. दोन वाट्यांना चार वाट्या."

हा गिचक्यांपैकी काहींचा उलगडा. काका घरी असतील तर रेघेचं पाणी, नसतील तर वाटीचं दुप्पट. एका घरात दोन मापं चालू होती आणि दोघांनाही आपण रोज तेच करतो असं प्रामाणिकपणे वाटत होतं. त्यात इंद्रायणी. आंबेमोहर आणि आयआर-८ या भाताच्या जातींच्या संकरातून आलेला हा तांदूळ मुळातच मऊ आणि चिकट होणारा, आणि घरात होता तो नवा, म्हणजे पाणी कमी मागणारा. त्याला दुप्पट पाणी घातलं की कुकर ते सगळं संपेपर्यंत शिजवत बसायचा. मधेच फेस झाकणातून उतू जायचा आणि ओट्यावर पेजेचा ओघळ.

खाली लागण्याचं कारण भांडं बाहेर काढल्यावर सापडलं. तबकडीवर कडेला भाताचं एक शीत जळून कोळसा होऊन चिकटलं होतं. एवढ्याशा शितानं भांडं किंचित कलतं. मग तबकडी आणि बूड यांच्यात एका बाजूला फट राहते, उष्णता भांड्यात नीट जात नाही, दुसऱ्या बाजूला भात करपतो आणि मधलं टोपण तबकडीच्याच उष्णतेनं तापून खटका वेळेआधी पडतो. त्यातून खाली लागलेला आणि वर कच्चा, असा दोन्ही बाजूंनी वाईट भात होतो. भांड्याचं बूडही बाहेरून ओलंच आत ठेवलं जात होतं. तबकडीवरून तडतड आवाज यायचा तो त्या पाण्याचा. काकूंना वाटे, भात शिजू लागला.

शीत लाकडी उलथन्यानं खरवडून काढलं, मग ओलसर फडक्यानं पुसलं. अर्थात प्लग काढून आणि तबकडी पूर्ण गार झाल्यावर. भांड्याच्या काठाला एक पोचा होता. भातवाढी काठावर आपटून शितं झाडायची सवय आपल्याकडे घरोघरी असते, पण या भांड्याचा पत्रा पातळ असतो. पोचा काठालाच होता, बूड सपाट होतं, म्हणून भांडं बदलायची गरज पडली नाही.

आता गुरुवार. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. नळाचं पाणी बऱ्याचदा बंद असतं आणि बऱ्याच भागांत देखभालीसाठी लाईटही जाते. काकूंना हे ठाऊक, म्हणून त्या गुरुवारी "लाईट जायच्या आत उरकून घेऊ" म्हणत पावणेदहाच्या सुमारास भात लावायच्या. दहाला लाईट जायची. कधी भात होऊन गेलेला असे, पण बहुतेकदा तो अर्ध्यावर असे. साध्या कुकरचा खटका चुंबकानं धरलेला असतो, विजेनं नाही. लाईट गेली तरी तो खालीच राहतो. दुपारी दोनला लाईट आली की कुकर कुणीही हात न लावता पुन्हा सुरू व्हायचा आणि तोवर कोमट पाण्यात भिजून फुगलेल्या तांदळाला पुन्हा उकळी यायची. गिचका होणार नाही तर काय.

इथे गिचक्यापेक्षा मोठी काळजी दुसरीच होती आणि ती मी दोघांना स्पष्टपणे सांगितली. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते उकळीनं मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं उलटी घडवणारं विष तर नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. भाताला वास येतो तेव्हाच तो बिघडलेला असतो असंही नाही. तरुण माणूस एका दिवसात सावरतो, पंचाहत्तरीच्या माणसाला उलट्या-जुलाबांनी दवाखाना गाठावा लागू शकतो. चार तास कोमट राहिलेला अर्धा भात पुन्हा शिजवून खाणं म्हणूनच थांबायला हवं होतं.

याच्याशी जोडलेला रात्रीचा भात. भात झाल्यावर कुकर आपोआप "वॉर्म"वर जातो, दुसरा दिवा लागतो. काकू दुपारचा उरलेला भात तसाच ठेवत, रात्री खात आणि त्यातूनही उरला तर सकाळपर्यंत "गरम राहील" म्हणून तिथेच. सकाळी तो पिवळसर, कडेनं वाळलेला आणि कुबट असे. गरम ठेवण्याची सोय जेवायला बसेपर्यंत तासाभरासाठी, फार तर दोन-तीन तासांसाठी वापरावी. अधूनमधून झाकण उघडलं की आतलं तापमान उतरतं, आणि काका दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघणाऱ्यांतले. आता उरलेला भात जेवणं झाल्यावर लगेच पसरट ताटलीत काढून गार करतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात. फोडणीच्या भाताला फ्रिजमधला सुटा झालेला भातच चांगला, हे काकूंनीच मला सांगितलं.

डाळीचा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. या घरात वरण-भाताशिवाय जेवण होत नाही. प्रेशर कुकरमध्ये खाली डाळीचं भांडं, वर भाताचं, दोन्ही एकदम. काकूंनी राइस कुकरमध्येही तेच करून पाहिलं होतं: भातावर तुरीच्या डाळीचा छोटा डबा. भात झाला, डाळ टचटचीत. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, इथे शंभरावर थांबतं. तुरीच्या डाळीला हा वीस अंशांचा फरक फार मोठा आहे. पाणी जड असेल तर आणखी मोठा, कारण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळ लवकर मऊ पडत नाही. बोअरवेलच्या पाण्यावर डाळ शिजवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "डाळ आधी भिजवली तर?" करून पाहिलं. दोन तास गरम पाण्यात भिजवलेली तूरडाळ राइस कुकरमध्ये एकटी, भरपूर पाणी आणि हळद घालून लावली. शिजली, पण घोटली तरी काकूंच्या मनासारखी एकजीव झाली नाही आणि फेस दोनदा वर आला. मुगाची डाळ मात्र उत्तम. अर्धा तास भिजवलेली मूगडाळ छोट्या उघड्या डब्यात, डाळीच्या वर दोन बोटं पाणी घालून भातावर ठेवली की दोन्ही एकदम होतात.

शेवटी तडजोड अशी झाली. रोजच्या रोज मुगाचं वरण. आठवड्यातून दोनदा काका लहान प्रेशर कुकरमध्ये तूरडाळ लावतात आणि झाकण तेच बसवतात. शिजलेली डाळ डब्यात भरून फ्रिजमध्ये, लागेल तशी काढून फोडणी. प्रेशर कुकर घरातून पूर्ण हद्दपार व्हावा असं मुलाला वाटत होतं. माझ्या मते तुरीच्या वरणाच्या घरात तो हट्ट धरू नये. राइस कुकरनं भात, खिचडी, मऊ भात, उकडलेले बटाटे, रवाळ शिरा एवढं सांभाळलं तरी काकूंच्या हाताचं रोजचं दुखणं टळतं, आणि मूळ कारण तेच होतं.

मापाचं सांगायचं राहिलं, आणि तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. तांदळाला पाणी "दुप्पट" किंवा "दीडपट" असं एकच प्रमाण धरून चालत नाही, कारण पाण्याचे दोन वाटे असतात. एक तांदूळ पितो, तो तांदळाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा वाफ होऊन झाकणाच्या भोकातून जातो, आणि तो तांदूळ एक माप असो वा चार, फारसा बदलत नाही. म्हणून थोड्या भाताला प्रमाणात जास्त पाणी आणि जास्त भाताला प्रमाणात कमी. मुलगा आणि नातवंडं आली की काकू सगळं सरळ चौपट करायच्या आणि नेमका पाहुण्यांच्या दिवशी गिचका व्हायचा.

प्लास्टिकचं माप कपाटाच्या मागे सापडलं. पाणीही त्याच मापानं घालायचं ठरलं, म्हणजे रेघा वाचायची गरजच उरली नाही. दोन-चार वेळा करून पाहून या कुकरला आणि या तांदळाला जमलेला हिशेब असा: एक माप इंद्रायणीला पावणेदोन माप पाणी, दोन मापांना तीन, चार मापांना साडेपाच. जुना कोलम आणला तर प्रत्येक मापामागे आणखी पाव माप. कोकणातल्या व्याह्यांकडून उकडा तांदूळ येतो, त्याला याहून पुष्कळ जास्त, आणि आधी तासभर भिजवणं. दुसऱ्या कुणी हे आकडे तसेच उचलू नयेत. आपल्या कुकरला, आपल्या तांदळाला एकदा पाव-पाव माप कमी-जास्त करून पाहावं आणि जमलं की लिहून ठेवावं.

दोघांच्या घराला १.८ लिटरचा कुकर खरं तर मोठाच. एक माप तांदळाचा थर इतका पातळ बसतो की कडेचा भात वाळतो. लहान कुकर घेतला असता तर निम्म्या तक्रारी झाल्याच नसत्या. पण आहे तो चांगला चालतोय म्हटल्यावर नवीन घ्या असं मी सुचवलं नाही. दोन मापं एकदम लावून अर्धा भात फ्रिजमध्ये ठेवणं त्यांना सोयीचं पडतं.

बाकी बदल बारीक होते. तांदूळ आता कुकरच्या भांड्यात न धुता वेगळ्या पातेल्यात, तीन पाण्यांनी धुतात. त्यानं भांड्याचा आतला लेप टिकतो आणि पीठ निघून गेल्यामुळे फेस कमी येतो. वर अर्धा चमचा तूप. फेस आणखी बसतो आणि भाताला वासही छान येतो. भांडं बाहेरून पुसून आत ठेवायचं आणि डावी-उजवीकडे जरासं फिरवून बसवायचं, म्हणजे बूड नीट टेकतं. खटका पडल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, वाफ मुरू द्यायची. हे शेवटचं काकांना सगळ्यात अवघड गेलं.

कुकरचा प्लग मिक्सर आणि वॉटर प्युरिफायरबरोबर एकाच एक्स्टेन्शन बोर्डात होता आणि बोर्डाची वायर गॅसच्या मागून गेली होती. कुकरला तीन अँपिअरच लागतात, पण त्याच बोर्डावर मिक्सर सुरू झाला की स्वस्त बोर्ड तापतो. कुकर भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटवर घेतला आणि अर्थिंग तपासलं. ओल्या हातानं धातूच्या उपकरणाला हात लागतो त्या जागी अर्थिंग तपासल्याशिवाय मी निघत नाही. विजेच्या खर्चाची काकूंना शंका होती. ७०० वॉटचा कुकर अर्धा तास चालला तर साधारण एक तृतीयांश युनिट जातं. ते ऐकून त्यांचं समाधान झालं.

गुरुवारसाठी वेगळा नियम केला. भात सकाळी नऊच्या आत लागला तर लावायचा, नाहीतर कुकरला हातच लावायचा नाही. पातेल्यात आधण ठेवून तांदूळ वैरायचे. आणि लाईट अर्ध्यात गेलीच तर लगेच प्लग काढून भात पातेल्यात ओतायचा आणि गॅसवर पुरा करायचा. कुकरचं भांडं गॅसवर ठेवायचं नाही, बूड वाकलं की ते परत तबकडीला टेकत नाही.

महिन्याभरानं मिक्सरच्या कामासाठी पुन्हा जाणं झालं तेव्हा कॅलेंडर पाहिलं. "छान" लिहायचा काकूंना कंटाळा आला होता, फक्त बिघडलेले दिवस लिहिले होते. एक "ला", तोही भात लावून दोघं खाली गप्पा मारत बसली आणि तो दुपारभर वॉर्मवर राहिला त्या दिवशीचा. काका म्हणाले, "तेवढी खरवड मला आवडते, त्याची नोंद नको." काकूंनी नोंद खोडली नाही. दिवाळीला मुलगा सहकुटुंब येणार आहे. चार मापांना साडेपाच हे त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय आणि त्याखाली माझ्याकडून विचारून घेतलंय: पाच मापांना पावणेसात.